ऐन-किंजळाच्या पानाची पाठ पाहायला फोल्डस्कोप: कुठे पुरतो, कुठे हात टेकतो

ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा, बेहडा आणि सोसायट्यांच्या आवारात उभा असलेला देशी बदाम ही सगळी झाडं टर्मिनॅलिया या एकाच वंशातली. अलीकडच्या वर्गीकरणात धावडाही याच वंशात आला आहे. फळ हातात असेल तर ही झाडं ओळखायला कुणाची मदत लागत नाही. पाच पंखांचं फळ ऐन किंवा अर्जुनाचं, चपटं, कडेला कंगोरा असलेलं फळ बदामाचं, गोल मखमली फळ बेहड्याचं. पण वर्षातले कित्येक महिने झाडावर ना फूल असतं ना फळ. रोपवाटिकेतल्या रोपाला तर ते असण्याचा प्रश्नच नाही. मग पानाची पाठ वाचावी लागते आणि तिथेच भिंगाची गरज पडते.

या कामासाठी फोल्डस्कोप, म्हणजे घड्या घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. उत्तर थोडक्यात असं: पानावरचे केस आणि पर्णरंध्रं (पानाची श्वासाची सूक्ष्म छिद्रं) बघण्यासाठी जरूर घ्या. पण तो घेतला म्हणून दहापटीचं साधं हातभिंग घरी ठेवून जाऊ नका, आणि मोजमापाचं काम असेल तर शेवटी चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे नमुन्याकडचं भिंग चाळीस पटीचं असलेला, नेहमीचा सूक्ष्मदर्शक लागणारच.

आधी वस्तूबद्दल. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश आणि जिम सिबल्स्की यांनी हे उपकरण तयार केलं आणि २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध 'प्लॉस वन'मध्ये आला. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही पुढे फोल्डस्कोपचा कार्यक्रम राबवला, त्यामुळे बऱ्याच शाळा-कॉलेजांच्या कपाटांत तो पडलेला सापडेल. नवा घेण्याआधी तिथे चौकशी करा. पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम कागदाच्या घड्या, मध्ये काचेचा एक बारीक गोल मणी, फोनला चिकटायला चुंबकी कडं. एवढाच कारभार. नेहमीचं भिंग सुमारे १४० पटीचं आणि दोन मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दाखवणारं.

हे दोन आकडे लक्षात ठेवले की पुढचं सगळं आपोआप कळतं. पर्णरंध्राच्या रक्षक पेशी बहुतेक झाडांत १० ते ४० मायक्रोमीटर लांब असतात. म्हणजे २० मायक्रोमीटरचं रंध्र असेल तर त्याच्या लांबीत जेमतेम दहा टप्प्यांचा तपशील मिळणार. दोन रक्षक पेशींची जोडी ओळखू येते, मधली फट दिसते, आजूबाजूच्या पेशींच्या भिंती दिसतात. त्यापलीकडे हाताशी काही लागत नाही, आणि फोनवर चित्र मोठं केलं तरी नवा तपशील येत नाही, नुसता धुरकटपणा वाढतो.

दुसरी मर्यादा मण्याच्या आकाराची. १४० पटीचा हा मणी २.३८ मिलिमीटर व्यासाचा. त्यापासून वस्तू साधारण अर्धा मिलिमीटर अंतरावर असेल तेव्हाच ती स्पष्ट दिसते. कव्हरस्लिपची, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची, जाडी ०.१७ मिलिमीटर धरली तर हाताशी उरतं किती ते बघा. पहिल्या तासात लोक वैतागतात ते इथेच. स्लाइड उलटी घातली, म्हणजे मणी आणि नमुना यांच्यामध्ये मिलिमीटरभर जाडीची काच आली, की कितीही ताणा, काही दिसणार नाही. कव्हरस्लिप नेहमी मण्याच्या बाजूला. आणि पानाचा जाडसर तुकडा तसाच ठेवला तर त्यावरचे केस मण्याला घासतात.

जाडसर तुकडा ठेवून उपयोगही नाही. फोल्डस्कोपमध्ये प्रकाश नमुन्यातून आरपार यावा लागतो. ऐनाचं पान चामट, त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेलं. त्यातून उजेड येतो तो तपकिरी-हिरवा अंधारच. म्हणून या वंशासाठी निम्म्याहून जास्त काम उपकरणाचं नाही, नमुना तयार करण्याचं आहे. खोक्यासोबतच्या सूचनापत्रावरून हे लक्षात येत नाही.

सर्वांत सोपा मार्ग ठशाचा. सुरुवातीला देशी बदामाचं पान घ्या: मोठं, शिरांमध्ये भरपूर मोकळी जागा, जून पान केसाळही फारसं नसतं. पूर्ण वाढलेलं, पण लाल पडायला न लागलेलं पान हवं. खालची बाजू ओल्या कापसाने पुसा. रस्त्याकडेच्या झाडावर धूळ आणि काजळी असते, तेव्हा भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घाला आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. पान पूर्ण कोरडं होऊ द्या. ओल राहिली तर ठशावर पांढुरकी साय येते आणि रंध्रं गायब होतात.

दोन शिरांच्या मधल्या जागेत पारदर्शक नेलपॉलिशचा एकच पातळ हात, सेंटिमीटरभर चौकोनात. चमकी असलेलं नको. जाड थर दिला तर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि त्यात बुडबुडे अडकतात. ते बुडबुडे रंध्रांहून मोठे असतात आणि नवख्याला हमखास फसवतात. पंधरा मिनिटं पंख्याखाली ठेवा. मग चिमट्याने एक कोपरा सोडवून पापुद्रा अलगद उचला. पापुद्रा शिरेवर फाटतो, म्हणून शिर टाळायची. सेलोटेपने उचलायचा असेल तर चकचकीत पारदर्शक टेप घ्या. लिहिता येईल अशी दुधी रंगाची मॅट टेप प्रकाश पसरवते आणि सगळं धुक्यात जातं. ठसा स्लाइडवर, टेप मण्याच्या बाजूला, आणि फोल्डस्कोप आकाशाच्या उजळ भागाकडे. सूर्याकडे कधीही नाही. एवढ्या लहान भिंगातून सूर्य बघणं डोळ्यांना धोक्याचं आहे.

बदामाच्या ठशावर पहिल्या झटक्यात रंध्रं दिसतात. मोकळ्या पेशींच्या फरशीत विखुरलेल्या लंबगोल जोड्या. त्यांच्याभोवती वेगळ्या आकाराच्या साहाय्यक पेशी नाहीत, आजूबाजूच्या पेशीही बाकीच्यांसारख्याच. टर्मिनॅलियात हाच प्रकार नेहमीचा. फोल्डस्कोपवर एवढं खात्रीने सांगता येतं आणि त्यासाठी तो पैसा वसूल आहे. पानाच्या वरच्या बाजूचा ठसा घेतला तर पेशींची नुसती फरशी दिसते, रंध्रं मुख्यतः खालीच असतात. दोन्ही ठसे शेजारी ठेवून मुलांना दाखवा, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर पटतं.

पण हीच कृती ऐनाच्या कोवळ्या पानावर करून बघा: पापुद्रा निघतच नाही. केस पॉलिशमध्ये रुततात, ओढलं की पॉलिश फाटतं, आणि केसांखाली हवा अडकून काळे डाग दिसतात. ऐनाच्या बाबतीत केसाळपणा झाडागणिक आणि पानाच्या वयागणिक बदलतो. जुन्या पुस्तकांत याच झाडाला दोन-तीन नावं मिळाली, ती बरीचशी या केसांमुळेच. आता बहुतेक ठिकाणी ती एलिप्टिका या एका नावाखाली आणली आहेत. त्यामुळे 'केस आहेत' किंवा 'केस नाहीत' एवढ्यावर जात ठरवायला जाऊ नका. पावसाळा संपताना, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, पूर्ण तयार झालेली पानं घ्या. त्यांच्यावर केस कमी उरलेले असतात. एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं वेगळी ठेवा, दोन्हींच्या रंध्रांच्या दाटीत फरक पडतो.

केसाळ पानासाठी ठशाचा आग्रह सोडून केसच काढावेत. नव्या ब्लेडने, पानाच्या पातळीला जवळपास समांतर धरून, खालची बाजू हलकेच खरवडायची. निघालेली लव ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं अशा एका थेंबात टाकून कव्हरस्लिप ठेवायची. निव्वळ पाण्यात ठेवली तर कोरड्या हवेत काही मिनिटांत कडेने सुकते आणि हवा आत शिरते.

या केसांवर जरा थांबू, कारण टर्मिनॅलियाच्या पानावरची सर्वांत खास गोष्ट तीच. हा केस एकपेशीय, सरळ, टोकदार आणि जाड भिंतीचा असतो, आणि त्याच्या बुडाशी आतल्या बाजूला शंकूच्या आकाराचा एक पडदा असतो, म्हणजे केसाच्या तळात एक छोटा बंद कप्पा तयार होतो. ऐन-हिरड्याच्या संपूर्ण कुळाची ही ओळखखूण मानली जाते. हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) कित्येक वर्षं जुन्या कोरड्या पानावरही ती टिकून राहते, तेव्हा फळाविना आलेला नमुना या कुळाचा आहे की नाही हे ठरवायला उपयोगी पडते. जात मात्र तिच्यावरून कळत नाही.

फोल्डस्कोपवर केसाची लांबी, टोक, भिंतीचा जाडपणा आणि तो एकाच पेशीचा असल्याचं छान दिसतं. आतला कप्पा मात्र नाही. भिंगाखाली केसाच्या बुडाशी कधी एक फिकट रेघ दिसते आणि लोक तिलाच पडदा समजतात; ती बहुतेक वेळा जाड भिंतीची कड असते. कप्पा बघायचा असेल तर चारशे पट हवेत, केस बुडासकट निघालेला हवा आणि ग्लिसरीनमध्ये एका कुशीवर पडलेला हवा. ब्लेडने खरवडताना बुडापासून वर तुटलेले केसच जास्त मिळतात, हेही अडचणीचं. त्याऐवजी पान पारदर्शक करून त्वचा सोलली तर केस बुडासकट जागेवर राहतात.

पान पारदर्शक करणं घरी जमतं, पण घाईचं काम नाही आणि लहान मुलांचं तर मुळीच नाही. पाच मिलिमीटर चौकोनाचे तुकडे मध्यशिरेपासून दूरच्या भागातून कापा. परीक्षानळीत सर्जिकल स्पिरिट घेऊन त्यात तुकडे टाका आणि ती नळी उकळून गॅसवरून खाली उतरवलेल्या पाण्यात उभी करा. गॅस बंद आहे ना ते आधी बघा, स्पिरिटची वाफ पेट घेते. हिरवा रंग उतरेपर्यंत स्पिरिट दोन-तीनदा बदलावं लागतं. मग तुकडे पाण्यात धुऊन पाच टक्के कॉस्टिक सोड्यात ठेवा, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

साध्या पानांचं काम यात लवकर उरकतं. टर्मिनॅलियाचं नाही. टॅनिनमुळे द्रावण चहासारखं तपकिरी होतं आणि तुकडे काळवंडतात. घाबरायचं कारण नाही, द्रावण ओतून नवं घाला. चामट पानाला खोलीच्या तापमानात एक ते दोन दिवस लागतात. हिरड्याच्या पानाचा तर हट्टच दांडगा. त्याच्या फळाच्या टॅनिनवर कातडी कमावण्याचा धंदा चालत आला आहे. तुकडे भरपूर पाण्यात तीन-चारदा धुवा आणि मग घरातलं ब्लीच समभाग पाण्यात मिसळून त्यात ठेवा, पांढरे होईपर्यंत, काही मिनिटंच. विसरलात तर त्वचेचा लगदा होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल जाता कामा नये, क्लोरीन सुटतो. स्पिरिटचा अंशही धुऊन गेलेला हवा. शेवटी सॅफ्रॅनिन या लाल रंगाचं एक टक्का द्रावण दोन ते पाच मिनिटं, पुन्हा धुणं आणि ग्लिसरीन.

एवढी मेहनत केल्यावर फोल्डस्कोपही वेगळं उपकरण वाटायला लागतो. ठशात नुसता उंचसखलपणा दिसतो; रंगवलेल्या त्वचेत पेशींच्या भिंती आखीव येतात. ठशातली एक चूकही इथे सुधारते. केस गळून गेलेल्या जागी गोल भोक उरतं आणि त्याभोवती पेशी चक्राच्या आऱ्यांसारख्या लागलेल्या असतात. ठशावर अशी भोकं रंध्रं म्हणून मोजली जातात आणि केसाळ झाडाचा आकडा फुगतो. रंध्राला दोन पेशी असतात, भोकाला कडा एकच.

याच पारदर्शक तुकड्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिकांचे झुबके असतात. ते बघायला पोलरायझर फिल्मचे, म्हणजे एकाच दिशेच्या कंपनांचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पापुद्र्याचे, दोन तुकडे पुरतात. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून निघतात. एक तुकडा दिव्याच्या बाजूला, दुसरा डोळ्याच्या बाजूला, आणि एक हळूहळू फिरवत जायचा. पार्श्वभूमी काळी झाली की झुबके पांढरे चमकतात. फोल्डस्कोप चपटा असल्यामुळे ही फिल्म खुपसणं त्यात सोपं जातं. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकात हीच करामत करायला कंडेन्सरशी (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या खालच्या भिंगाशी) झटापट करावी लागते, तेव्हा इथे कागदी उपकरणाला पूर्ण गुण.

मोजणीत मात्र तो मागे पडतो. गोल मण्यामुळे मधला भागच सुस्पष्ट असतो, कडेला चित्र वाकतं आणि विरघळतं. रंध्रांची दाटी काढायची तर फक्त मधला चौकोन घ्या. मायक्रोमीटर स्लाइड, म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली, आधी भिंगाखाली ठेवून फोनने फोटो काढा, आणि नंतर झूमला हात लावू नका. झूम एकदा हलला की आधीची सगळी मापं बाद. ०.२ बाय ०.२ मिलिमीटरच्या चौकोनात १४ रंध्रं मिळाली तर क्षेत्र ०.०४ चौरस मिलिमीटर, म्हणजे दाटी दर चौरस मिलिमीटरला ३५०. एका पानावर किमान दहा चौकोन, टोक आणि बूड सोडून वेगवेगळ्या जागी.

नुसत्या दाटीपेक्षा रंध्र-निर्देशांक जास्त भरवशाचा, कारण सावलीतल्या पानाच्या पेशी पसरतात तशी दाटी घटते, निर्देशांक तितका हलत नाही. रंध्रांची संख्या भागिले रंध्रं अधिक त्वचेच्या पेशी, गुणिले शंभर. वरच्याच चौकोनात ७० पेशी असतील तर १४ भागिले ८४, म्हणजे १६.७. सॅलिसबरीने १९२७ मध्ये मांडलेली ही रीत अजून चालते. अडचण एवढीच की पेशी मोजायला त्यांच्या भिंती सलग दिसायला हव्यात, आणि फोल्डस्कोपच्या चित्रात त्या कडेला तुटक होतात. दहा चौकोन मोजताना डोळे दुखतात ते वेगळंच. प्रबंधासाठी किंवा प्रकल्पाच्या अहवालासाठी आकडे द्यायचे असतील तर सरळ दुसऱ्या उपकरणाकडे वळा.

ते दुसरं उपकरण म्हणजे अंबाल्यात बनणारा, चार, दहा आणि चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक. किंमत काही हजारांत. घेताना तीन गोष्टी दुकानातच तपासा: फोकसचं चाक फिरवून सोडल्यावर स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) आपोआप खाली सरकते का, चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह फिरवून आणलं की चित्र मध्यातच राहतं का, आणि कंडेन्सर वर-खाली होतो का. तिसरी गोष्ट नसेल तर चाळीसवर सगळं फिकट दिसतं आणि केसाच्या आतला पडदा दिसणार नाही. शंभरचं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह या कामाला लागत नाही, त्याचे पैसे मेकॅनिकल स्टेजवर, म्हणजे चाकांनी स्लाइड सरकवणाऱ्या मंचावर, घाला. मुरूड किंवा दापोलीसारख्या दमट ठिकाणी पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदलताच तापवून वाळवा. फोल्डस्कोपला हा ताप नाही, खिशात चिखलात भिजला तरी पुसून चालतो. फक्त त्याच्या भिंगाला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावू नका. मऊ कापडाने कोरडंच पुसा.

आता ज्यासाठी फोल्डस्कोप बाहेर काढायचाच नाही, त्या गोष्टी. ऐनाचं पान उलटं करा. मध्यशिरेवर बुडाजवळ एक किंवा दोन गाठीसारख्या ग्रंथी असतात. किंजळालाही बुडाशी ग्रंथी असतात. हिरडा आणि बेहड्याला त्या देठावर. देशी बदामाच्या मध्यशिरेला बाजूच्या शिरा फुटतात त्या कोपऱ्यांत खळगे असतात, आणि त्यांत माइट, म्हणजे कोळ्याच्या नात्यातले बारीक जीव, राहतात. फोल्डस्कोपखाली ही सगळी मंडळी मोठी आणि अपारदर्शक, म्हणजे काळी सावली. हातभिंगाने, पान उन्हात तिरपं धरून, एका नजरेत दिसतात. रोपवाटिकेत ऐन आणि अर्जुनाची रोपं मिसळली असतील तर पहिली तपासणी ग्रंथीची आणि लवेची करा, तीही दहापटीच्या भिंगाने. टसर रेशमाच्या कोशाच्या किड्यांसाठी पूर्व विदर्भात ही दोन्ही झाडं लागतात, तिथे हातभिंग कामाला येतं, फोल्डस्कोप नाही.

क्युटिकलवरच्या, म्हणजे पानाच्या बाहेरच्या मेणचट थरावरच्या, रेघा आणि मेणाचे खवले तर या तिन्हींच्या आवाक्याबाहेरचे. त्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आयआयटी मुंबईतल्या सैफ या प्रगत उपकरणांच्या सुविधेसारख्या केंद्रात बाहेरच्यांनाही तपासणी करून मिळते. तिकडे न्यायच्या तुकड्यावर पॉलिश, साबण किंवा स्पिरिट लागलेलं चालत नाही, मेण धुतलं जातं. नुसतं कोरडं पान, कागदात दाबून.

खरेदी करताना एकच सल्ला. फोल्डस्कोप एकटा घ्यायचा असेल तर दिव्याचा मॉड्यूल असलेला संच घ्या, पावसाळ्यात आभाळाच्या उजेडावर भागत नाही. फोनचं कडं कॅमेऱ्याच्या भिंगाच्या नेमक्या मध्यावर चिकटवायला लागतं; तीन-चार कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये मुख्य कॅमेरा कोणता ते आधी एकेक बोटाने झाकून बघा आणि बाकीचे बंद ठेवायची सोय ॲपमध्ये आहे का तेही. ती सोय नसेल तर फोन मध्येच दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, चित्र गायब होतं आणि दोष बिचाऱ्या कागदाला लागतो.